नाण्यांवरचे यरुशलेम : प्रस्तावना

इसवी सन ६६ ते ७० या काळात यहुदियात रोमन सत्तेविरुद्ध जो मोठा उठाव झाला, त्याची सविस्तर हकिकत आज वाचायला मिळते ती जवळजवळ सर्वस्वी फ्लाव्हियस जोसेफस या एकाच इतिहासकारामुळे. जोसेफस प्रारंभी स्वतः त्या उठावातील एक सेनानी होता. परंतु त्याने आपला ग्रंथ लिहिला तो शरणागतीनंतर, रोम शहरात, आणि ज्या व्हेस्पासियन व तितस या पितापुत्रांनी यरुशलेम पाडले त्यांच्याच आश्रयाखाली. त्याच्या ग्रंथात उठावाचे पुढारी बहुधा लुटारू आणि जुलमी माणसे म्हणूनच येतात. ती माणसे स्वतःला काय म्हणवून घेत होती आणि कोणत्या शब्दांत आपला लढा मांडत होती, हे सांगणारे त्यांचे स्वतःचे अधिकृत लेखन टिकले आहे ते मुख्यतः त्यांनी पाडलेल्या चांदीच्या आणि कांस्याच्या नाण्यांवर. प्राचीन यहुदी नाण्यांचे महत्त्व येथून सुरू होते. ही नाणी केवळ जुनी आहेत किंवा धर्मग्रंथांत त्यांचा उल्लेख येतो म्हणून ती मोलाची नाहीत. इतिहास जेत्यांनी लिहिला असताना पराभूतांचा मूळ शब्द त्यांनी राखून ठेवला, म्हणून ती मोलाची आहेत.

‘प्राचीन यहुदी नाणी’ या संज्ञेत सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून इ. स. १३५ च्या सुमारास संपलेल्या बार कोखबाच्या उठावापर्यंत, म्हणजे सुमारे पाच शतकांत, यहुदी सत्तेने किंवा यहुदी प्रदेशासाठी पाडलेल्या नाण्यांचा समावेश होतो. बायबलमधील फार मोठा कथाभाग या काळाच्या आधीचा आहे, आणि त्या कथाभागात नाणी नाहीत, ही गोष्ट नव्या वाचकाने प्रथमच ध्यानात घ्यावी. अब्राहामाने मकपेलाच्या गुहेसाठी एफ्रोन हित्तीला ४०० शेकेल रुपे दिले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात येते. परंतु तेथे शेकेल हे नाण्याचे नव्हे, वजनाचे नाव आहे, आणि अब्राहाम ते रुपे मोजून नव्हे तर तोलून देतो. यहुदा राज्याच्या अखेरच्या काळातील दगडी वजने उत्खननांत मिळाली असून त्यांवरून एक शेकेल साधारण ११.३ ते ११.४ ग्रॅमचा होता असे दिसते. देवघेवीसाठी चांदीचे दागिने, कांबी आणि ओबडधोबड तुकडे चालत. हेब्रोनच्या दक्षिणेस एश्तमोआ येथे १९६८ साली अशा चांदीने भरलेले पाच कुंभ मिळाले. ठरावीक वजनाच्या धातूवर सत्तेचा ठसा उमटवून त्याची हमी देण्याची पद्धत लिडियात सुरू झाली आणि इराणी साम्राज्याच्या अमलात ती यहुदियापर्यंत पोहोचली.

त्या पहिल्या नाण्यांना अभ्यासक ‘येहूद’ नाणी म्हणतात, कारण इराणी साम्राज्यातील त्या छोट्या प्रांताचे हेच नाव त्यांवर कोरलेले असते. ही नाणी चांदीची पण अत्यंत चिमुकली आहेत; बहुतेकांचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. अथेन्सच्या नाण्यावरचे घुबड त्या काळी व्यापारात विश्वासाचे चिन्ह मानले जाई, म्हणून येहूदच्या टाकसाळीनेही ते उचलले. मात्र काही नाण्यांवर घुबडाशेजारची ऑलिव्हची डहाळी जाऊन तेथे लिलीचे फूल आले. काहींवर ‘हिज्कीया, प्रांताधिपती’ असे नाव आहे, तर एका प्रकारावर ‘योहानान, याजक’ असे. ब्रिटिश म्युझियममधील एका एकमेव नाण्यावर पंख असलेल्या चाकावर बसलेली दाढीधारी देवता दिसते, आणि ती कोण याविषयी विद्वानांत अजून एकमत नाही. मूर्तिनिषेधाचे जे कडक रूप पुढील काळातील यहुदी नाण्यांवर दिसते, ते या आरंभीच्या नाण्यांवर अजून आलेले नाही. यहुदी परंपरा पहिल्यापासून एकाच साच्यात होती असे गृहीत धरणाऱ्याला ही नाणी अडचणीत टाकतात, आणि या विषयाच्या प्रवेशद्वाराशीच अशी अडचण भेटावी हे अभ्यासकाच्या हिताचे आहे.

स्वतंत्र यहुदी सत्तेची नाणी हास्मोनियन घराण्यापासून मिळतात. सेल्युसिड राजा चौथा अँटिओकस याच्या धार्मिक जुलुमाविरुद्ध इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मक्काबी बंधूंनी बंड केले आणि त्यातून हे घराणे उभे राहिले. मराठी वाचकाला हा काळ अगदीच परका नसावा, कारण कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले ते याच काळात, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, असे सांगते. हनुक्का हा मक्काबींच्या विजयाचा सण या समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता, हे त्या परंपरेच्या पुष्ट्यर्थ दाखवले जाते. ही परंपरा आहे, सिद्ध इतिहास नव्हे. तरी कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवण्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मराठीभाषक समाजाची स्मृती जेथे सुरू होते, तेथूनच या नाण्यांचाही मुख्य प्रवाह सुरू होतो.

हास्मोनियन नाणी जवळजवळ सर्वच कांस्याची, लहान आणि दिसायला साधी आहेत. त्यांतील मुख्य नाण्याला ‘प्रुता’ म्हणतात आणि त्याचे वजन साधारण दोन ग्रॅम असते. मऊ चुनखडीच्या दगडात गोल खळगे कोरून ते पन्हळींनी जोडत, त्यांत कांस्याचा रस ओतत आणि निघालेल्या माळेवर ठसा मारून गोल तुकडे तोडून वेगळे करत. म्हणून बहुतेक प्रुत्यांच्या कडेला तोडल्याची खूण राहते आणि लेखाचा काही भाग हमखास नाण्याबाहेर जातो. योहान हिर्कानसच्या नाण्याच्या एका बाजूला जोड-शिंग, म्हणजे फळांनी भरलेली समृद्धीची दोन शिंगे, आणि त्यांच्यामध्ये डाळिंब असते. ग्रीक नाण्यांवरचे हे परिचित चिन्ह असले तरी मधले डाळिंब ही यहुदी भर आहे. दुसऱ्या बाजूला पानांच्या हारात ‘यहोहानान महायाजक आणि यहुद्यांची सभा’ असा लेख येतो. राजाचा चेहरा कोठेही नाही. ग्रीक जगात चेहरा हाच नाण्याचा गाभा होता, त्यामुळे तो न घालणे हेच पाहणाऱ्याला लगेच जाणवणारे विधान ठरले.

याहून लक्षणीय गोष्ट लिपीची आहे. त्या काळी यहुदी समाजाच्या नित्य लेखनात अरामी वळणाची चौकोनी लिपी रूढ झाली होती. तीच पुढे आजची हिब्रू लिपी झाली. नाण्यांवर मात्र हास्मोनियनांनी पुरातन हिब्रू लिपी वापरली, म्हणजे दावीद-शलमोनाच्या वंशातील राजांच्या काळात प्रचलित असलेली आणि व्यवहारातून मागे पडलेली लिपी. बाजारात प्रुता हाताळणाऱ्या किती जणांना ती वाचता येत असेल, हा प्रश्न रास्त आहे. पण तो लेख वाचण्याइतकाच दिसण्यासाठीही होता. जुन्या राज्याचे वारस आपण आहोत, असे त्या अक्षरांचे वळणच सांगत होते. पुढे दोन्ही मोठ्या उठावांनी हीच लिपी पुन्हा उचलली.

अलेक्झांडर यन्नाय या हास्मोनियन राजाने (इ. स. पू. १०३ ते ७६) एवढी नाणी पाडली, की आज बाजारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मुबलक मिळणारे प्राचीन यहुदी नाणे त्याचेच असते. त्याच्या एका प्रकारावर सेल्युसिड राजांकडून घेतलेला जहाजाचा नांगर असून भोवती ग्रीक भाषेत ‘राजा अलेक्झांडर’ असे आहे. उलट बाजूला आठ किरणांचा तारा आणि किरणांमधल्या फटींत हिब्रू अक्षरे एकेक करून ‘यहोनाथान राजा’ असे लिहितात. ग्रीक वाचणाऱ्यासाठी एक नाव, हिब्रू वाचणाऱ्यासाठी दुसरे, आणि माणूस एकच. मार्काच्या शुभवर्तमानातील दरिद्री विधवेने मंदिराच्या दानपेटीत टाकलेली दोन नाणी म्हणून पर्यटकांना बहुतेक वेळा हेच नाणे विकले जाते. यन्नायची नाणी पुढेही दीर्घकाळ चलनात राहिली, त्यामुळे तसे असणे अशक्य नाही. तथापि विशिष्ट नाण्याला विशिष्ट कथेची चिठ्ठी लावण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. या घराण्याचा अखेरचा राजा मत्तथ्या अँटिगोनस (इ. स. पू. ४० ते ३७) याने रोमच्या पाठबळाने चालून आलेल्या हेरोदाशी लढताना एका बाजूला सात शाखांचा दीपवृक्ष, म्हणजे मेनोरा, आणि दुसऱ्या बाजूला समर्पित भाकरींचे मेज असलेले नाणे पाडले. मंदिर उभे असताना त्यातील दीपवृक्ष आणि मेज नाण्यावर आणण्याचे धाडस केवळ त्याने केले, आणि याजकपद हाच आपला अधिकार हे हेरोदासमोर सांगण्याची निकड त्याला नसती तर त्याने ते बहुधा केलेही नसते.

हेरोद, त्याचे वंशज आणि रोमन सुभेदार यांच्या नाण्यांविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे. हेरोदाने स्वतःचा चेहरा टाळला. त्याचा मुलगा फिलिप याचा प्रदेश बहुतांशी बिगर-यहुदी असल्याने त्याने आपला आणि सम्राटाचाही चेहरा नाण्यावर आणला. यहुदियात नेमलेले रोमन सुभेदार ताडाचे झाड, कणीस, द्राक्षाचे पान अशी निरुपद्रवी चिन्हे वापरत. अपवाद पंतय पिलाताचा. त्याने इ. स. २९ ते ३१ या वर्षांत पाडलेल्या प्रुत्यांवर रोमन पूजाविधीतील पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वक्र काठी कोरली. हा हेतुपुरस्सर अवमान होता की रोमन अधिकाऱ्याची बेफिकिरी, हे नाण्यावरून ठरत नाही. आधीच्या सुभेदारांनी पाळलेला संकोच त्याने पाळला नाही, एवढे मात्र ठरते.

या सर्व काळात चांदीचे नाणे बाहेरून येत होते, आणि येथे एका विलक्षण विसंगतीशी थांबावे लागते. निर्गमाच्या पुस्तकानुसार वीस वर्षांच्या वरील प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल अर्पण करायचा होता, आणि दुसऱ्या मंदिराच्या काळात तो वार्षिक कर झाला. हा कर स्वीकारला जाई तो सोर या फिनिशियन बंदराच्या नाण्यांत. सोरच्या शेकेलच्या दर्शनी बाजूला त्या नगराचा देव मेलकार्थ याचे मस्तक आणि मागे गरुड असे; म्हणजे ज्या मंदिरात कोणतीही मूर्ती चालत नसे, त्याच्या भांडारात परक्या देवाची हजारो मुखे साठत होती. कारण होते ते चांदीचे. इ. स. पू. १२६ पासून सुमारे दोन शतके या नाण्याचे वजन १४ ग्रॅमच्या आसपास आणि शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक राहिली, आणि देवाला द्यायच्या धातूत खोट चालणार नाही हा विचार चित्राच्या आक्षेपाहून वरचढ ठरला. दूरदेशीचे यात्रेकरू नाना प्रकारची नाणी घेऊन येत, मंदिराच्या आवारातील सराफ ती सोरच्या चांदीत बदलून देत आणि त्यावर बट्टा घेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू ज्यांचे चौरंग उलथून टाकतो ते हेच सराफ. यहूदा इस्कर्योताला मिळालेली रुप्याची तीस नाणीही बहुधा सोरचीच असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

सोरच्या शेकेलची मालिका इ. स. ६५-६६ मध्ये थांबते, आणि ६६ मध्ये उठाव पेटतो. उठाववाल्यांनी थोड्याच काळात स्वतःचा चांदीचा शेकेल पाडला: वजन सोरचेच, चांदी तशीच उत्तम, परंतु मेलकार्थ आणि गरुड दोन्ही गेलेले. एका बाजूला मंदिरातील चषक, त्यावर वर्षदर्शक अक्षर आणि भोवती ‘इस्राएलचा शेकेल’. दुसऱ्या बाजूला एका देठावर तीन डाळिंबे आणि भोवती ‘पवित्र यरुशलेम’. ‘आलेफ’ म्हणजे पहिले वर्ष, ‘बेत’ म्हणजे दुसरे, असे हे क्रमांक पाचव्या वर्षापर्यंत जातात. आणि शहर इ. स. ७० च्या उन्हाळ्यात पडल्यामुळे पाचव्या वर्षाचे शेकेल फारच थोडे मिळतात. चांदी स्वतःच्या नावाने पाडणे हा साम्राज्याच्या नजरेत उघड राजद्रोह होता. कोणा एका पुढाऱ्याचे नाव या नाण्यांवर नाही. यरुशलेममध्ये त्या वर्षांत गटागटांत रक्तरंजित भांडणे चालली होती असे जोसेफस सांगतो, आणि तरीही टाकसाळीचे काम आणि चांदीचा कस यांत ढिलाई आली नाही. जोसेफसच्या चित्राला ही नाणी खोटे पाडत नाहीत, पण त्याने न सांगितलेली शिस्त ती दाखवतात.

कांस्य नाण्यांवरील शब्द आणखी बोलके आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या प्रुत्यांवर ‘सियोनचे स्वातंत्र्य’ असे आहे; चौथ्या वर्षी, म्हणजे वेढा जवळ येत असताना, त्याजागी ‘सियोनच्या उद्धारासाठी’ असे शब्द आले. स्वातंत्र्य ही मिळवलेली गोष्ट होती, उद्धार ही मागितलेली. हा बदल टाकसाळीतील कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने झाला असे मानणे कठीण आहे. गोलान प्रदेशातील गामला हे तटबंदीचे गाव इ. स. ६७ मध्येच रोमनांनी जिंकले. तेथील उत्खननात एक ओबडधोबड कांस्य नाणे मिळाले, ज्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत ‘पवित्र यरुशलेमच्या उद्धारासाठी’ असा लेख वाचला जातो. त्यावरचा चषक यरुशलेमच्या शेकेलवरून पाहून कोरलेला आहे. ना धड साचा, ना धड कारागीर, आणि तरी दूरच्या राजधानीसाठी नाणे पाडण्याची ही धडपड: उठावाविषयी इतके थेट सांगणारी वस्तू क्वचितच दुसरी असेल. त्याच चौथ्या वर्षाच्या एका मोठ्या कांस्य नाण्यावर खजुराच्या टोपल्या दोहोंकडे असलेले ताडवृक्षाचे चित्र आहे. दोनच वर्षांनी रोमच्या टाकसाळीतून ‘यहुदिया जिंकली’ असे लिहिलेली नाणी बाहेर पडली, त्यांवरही ताडवृक्षच आहे, आणि त्याच्याखाली शोक करणारी यहुदी स्त्री बसली आहे.

दुसरा उठाव, इ. स. १३२ ते १३५ चा, शिमोन बार कोखबाच्या नेतृत्वाखाली झाला आणि त्याचा जोसेफस झालाच नाही. या उठावाची सगळी नाणी चलनातील परक्या नाण्यांवर नवा ठसा मारून तयार केलेली आहेत. या क्रियेला नाणकशास्त्रात, म्हणजे नाण्यांच्या अभ्यासशास्त्रात, पुनर्मुद्रण म्हणतात. महाराष्ट्राच्या इतिहासाचे वाचक हे तंत्र ओळखतील: नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या १३,००० हून अधिक नाण्यांत नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेली नाणी बहुसंख्य आहेत. सातकर्णीने हे विजयानंतर केले, बार कोखबाने लढाई चालू असताना. त्याच्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर, ज्याला ‘सेला’ म्हणतात, साठ वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झालेल्या मंदिराचा दर्शनी भाग आहे आणि मागे मंडपांच्या सणातील ताडाची झावळी व एत्रोग हे लिंबूवर्गीय फळ. ‘जूज’ या लहान चांदीच्या नाण्यावर द्राक्षांचा घोस, वीणा, दोन तुताऱ्या अशी चिन्हे येतात. असा एखादा जूज तिरक्या प्रकाशात धरला, तर द्राक्षांच्या घोसाखाली रोमन सम्राटाच्या गळ्याची रेषा किंवा ‘शिमोन’ या नावाशेजारी ट्रेजनच्या नावातील अर्धी उरलेली ग्रीक अक्षरे दिसू शकतात. हातोड्याचा घाव कमी पडला तेथे साम्राज्य अजून डोकावते. १९६०-६१ मध्ये यिगाएल यादीन यांनी मृत समुद्राजवळच्या एका गुहेतून या पुढाऱ्याची पत्रे बाहेर काढली. ती अरामी, हिब्रू आणि ग्रीक भाषांत असून त्यांत तो रसद, कैदी आणि सणासाठीच्या झावळ्या यांची चोख व्यवस्था लावतो. पत्रे नित्याच्या लिपीत आहेत, नाणी मात्र पुरातन लिपीत.

या नाण्यांचा अर्थ लागायला फार काळ गेला. स्पेनमधील गिरोनाचे रब्बी मोशे बेन नहमान १२६७ साली अक्को बंदरात उतरले, तेव्हा त्यांना एक जुने रुप्याचे नाणे दाखवण्यात आले. पुरातन लिपी यहुद्यांच्या वाचनातून गेली होती, पण शोमरोनी समाजाने तिचेच एक रूप धर्मग्रंथासाठी जपले होते, म्हणून नाणे त्यांच्याकडून वाचून घेतले गेले. रब्बींनी डाळिंबांना बदामाची डहाळी मानले, पण नाणे तोलले, आणि शेकेलच्या वजनाविषयी राशी या थोर भाष्यकाराचे जे मत त्यांनी पूर्वी खोडले होते, ते आता मान्य केले. हे शेकेल नेमके कोणाचे, यावर मात्र एकोणिसाव्या शतकातही मतभेद राहिले. फ्रेडरिक मॅडन यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात ते शिमोन मक्काबीचे, म्हणजे सुमारे दोन शतके आधीचे ठरवले होते. असे वाद निव्वळ नाणे डोळ्यांपुढे ठेवून मिटले नाहीत. नाणे जमिनीत कोठे, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीला मिळाले, हे कळल्यावर ते मिटले. मसादाच्या किल्ल्यावर १९६३ ते १९६५ च्या उत्खननांत उठावकाळच्या थरांत शेकेल मिळाले, त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. हास्मोनियन नाण्यांबाबतही असेच झाले: नाणकशास्त्रज्ञ याकोव मेशोरेर यांनी ‘यहोहानान’ नाणी दुसऱ्या हिर्कानसची मानली होती. गरिज्जीम डोंगरावरील उत्खननाने ती पहिल्या, म्हणजे योहान हिर्कानसची ठरवली, आणि मेशोरेर यांनी आपले मत बदलले.

संग्रहाविषयी जे सांगायचे ते याच अनुभवातून निघते. चोरून खणून काढलेले नाणे बाजारात आले की त्यावरचा लेख शाबूत राहतो, पण त्याची जागा कायमची नाहीशी होते, आणि गामलाच्या नाण्यासारख्या वस्तूची जागा गेली असती तर उरला असता तो केवळ एक न वाचता येणारा तुकडा. इस्राएलच्या १९७८ च्या पुरावस्तू कायद्यानुसार त्यानंतर सापडलेल्या प्राचीन वस्तू राज्याच्या मालकीच्या असतात आणि विक्री परवानाधारक व्यापाऱ्यालाच करता येते. एला खोऱ्यातून चोरीला गेलेले उठावाच्या चौथ्या वर्षाचे पाव शेकेलचे अतिदुर्मीळ नाणे २०२२ मध्ये अमेरिकेने इस्राएलला परत केले. म्हणून खरेदी करताना किमतीच्या आधी नाण्याचा मागचा प्रवास विचारावा आणि तो लेखी मिळाला नाही तर नाणे कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे. खोट्या नाण्यांचीही परंपरा जुनी आहे. जर्मनीतील गोर्लित्स येथे सोळाव्या शतकापासून यात्रेकरूंसाठी बनलेले ‘शेकेल’ आजही लोक वारसा म्हणून दाखवतात, पण त्यांवरची अक्षरे चौकोनी लिपीतील असतात, आणि उठावाच्या एकाही अस्सल शेकेलवर ती लिपी नाही. कांस्य नाण्यावर शतकांनी चढलेला हिरवा थर आम्लाने घासून काढू नये. पुष्कळदा अक्षरे त्या थरातच टिकलेली असतात.

पुढील प्रकरणे कालक्रमाने लावली आहेत. व्यक्ती आणि स्थळे यांची नावे, जेथे शक्य तेथे, मराठी बायबलमध्ये रूढ असलेल्या रूपांत दिली आहेत. हास्मोनियन राजांची नावे ग्रीक आणि हिब्रू अशी दुहेरी असल्याने प्रथम उल्लेखात दोन्ही येतील. नाण्यांवरचे हिब्रू लेख उजवीकडून डावीकडे वाचायचे आहेत, आणि पुरातन लिपीच्या बावीस अक्षरांचा तक्ता पहिल्या प्रकरणाआधीच जोडला आहे. तो पाठ करण्याची गरज नाही. यन्नायच्या एखाद्या स्वस्त प्रुत्यावर ताऱ्याच्या किरणांमधली अक्षरे एकेक करून लावून पाहिली, की त्यांतील बरीचशी आपोआप ओळखीची होतात.